फ्रान्समध्ये भाषा-सहायक म्हणून सात महिने : ओरियाकला जाण्यापूर्वी काही प्रश्न

केतकी_प

नमस्कार. मी पुण्यात फ्रेंचमध्ये एम.ए. करते, वय बावीस. फ्रान्सच्या सरकारी शाळांमध्ये परदेशी तरुणांना भाषा-सहायक म्हणून घेण्याची जी योजना आहे, तिच्यात इंग्रजीची सहायक म्हणून माझी निवड झाली आहे. १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल असे सात महिने, आठवड्याला १२ तास काम आणि हातात महिन्याला साधारण ८०० युरो, असे नेमणुकीचे स्वरूप आहे. अर्जात मी तीन आकादेमींना, म्हणजे शैक्षणिक विभागांना, पसंती दिली होती. त्यांपैकी तिसरी क्लेर्माँ-फेराँ मिळाली आणि त्यातही ओरियाक या डोंगराळ भागातल्या गावातले एक लिसे, म्हणजे आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या आसपासची शाळा, माझ्या वाट्याला आले. गावाची वस्ती पंचवीस हजारांच्या घरात आहे आणि क्लेर्माँहून तिथे पोहोचायलाच रेल्वेने अडीच तास लागतात, असे समजले.

भाषेची मला फारशी भीती वाटत नाही. भीती वाटते ती इतर गोष्टींची. तिथे उतरल्यावर आधी काय मार्गी लावावे? आठवड्याला १२ तास म्हणजे उरलेला आठवडा रिकामाच, त्याचे काय करावे? आणि खरा प्रश्न, जो मी घरी कोणालाच विचारलेला नाही : इंग्रजी ही माझी मातृभाषा नाही, मग सतरा वर्षांची फ्रेंच मुले माझ्याकडून इंग्रजी शिकायला मनापासून तयार होतील का? जे स्वतः असे राहून आले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सह्यकडा

अभिनंदन, केतकी. मी काही वर्षांपूर्वी याच योजनेतून नॉर्मंडीत होतो. तू पहिल्यांदा विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो, कारण तिथे चूक झाली की पुढचे तीन महिने ती निस्तरण्यात जातात.

तिथे एक चक्र आहे. घर भाड्याने घ्यायचे तर घरमालक बँकेचे खाते आणि जामीनदार मागतो, खाते उघडायचे तर बँक राहत्या पत्त्याचा पुरावा मागते, आणि खात्याचा तपशील देणारा कागद, ज्याला सगळे रीब म्हणतात, तो शाळेच्या कार्यालयात दिल्याशिवाय पगार निघत नाही. हे चक्र शाळेपासून मोडते. पहिल्या दिवशी कामावर रुजू झाल्याच्या कागदावर, म्हणजे प्रोसे-व्हेर्बालवर, सही होते. त्याची प्रत आणि नेमणुकीचा आदेश प्लास्टिकच्या पिशवीत घालून कायम जवळ ठेव. जामीनदारासाठी विसाल नावाची सरकारी हमी तिशीच्या आतल्यांना विनामूल्य मिळते, तिचा अर्ज आधी कर. एखाद्या बँकेने खाते नाकारलेच तर नकाराचे पत्र लेखी माग, कारण ते घेऊन बांक द फ्रान्सकडे, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेकडे, गेल्यास ती एखाद्या बँकेला तुझे खाते उघडायला सांगू शकते. पहिला पगार अडकेल असे दिसले तर आगाऊ रक्कम मागता येते, पण ती मागावी लागते, आपोआप कोणी देत नाही. व्हिसा मात्र तिथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यायचा असतो, हे विसरू नकोस.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याकडच्या बऱ्याच जणांची होऊ शकते. सामाजिक सुरक्षेचा क्रमांक मिळण्यासाठी जन्मदाखला लागतो. मी तो अधिकृत अनुवादकाकडून फ्रेंचमध्ये करून दिला आणि तो परत आला. का, तर दाखल्यावर माझे नावच नव्हते. बारसे व्हायच्या आधीच रुग्णालयाने जन्माची नोंद कळवली होती, त्यामुळे बाळाच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ होती आणि चोवीस वर्षांत कोणाचेही त्या रेघेकडे लक्ष गेले नव्हते. वडिलांनी माझा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन नगरपालिकेत चार खेपा घातल्या, नाव चढवून घेतले, नव्या दाखल्यावर अपोस्तीय, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, करून घेतला आणि मग तो कुरियरने पाठवला. तोवर फेब्रुवारी उजाडला होता. तेव्हा आजच्या आज आपला जन्मदाखला कपाटातून काढ आणि तो रकाना बघ.

केतकी_प

बघितला. माझ्या दाखल्यावर नाव आहे, पण आईच्या नावात एक अक्षर चुकलेले आहे. पारपत्रावर ते बरोबर आहे. उद्याच महापालिकेत जाते. सह्यकडा, तुमचे उपकार मोठे आहेत.

नीरजा_ब्रेस्त

सह्यकडा यांनी लिहिलेले सगळे खरे आहे, तरी माझे मत थोडे वेगळे आहे. कागद उशिरा का होईना, पण होतात. माणसे मात्र वेळेत भेटली नाहीत तर डिसेंबर फार जड जातो. मी ब्रेस्तला होते, म्हणजे फ्रान्सच्या पार पश्चिम टोकाला. तिथे डिसेंबरात सूर्य सकाळी नऊ वाजून गेल्यावर उगवतो. आठ वाजताच्या तासाला मी अंधारात जायची आणि अर्धा तास संपूनही खिडकीबाहेर रात्रच असायची. माझे तास सोमवार, मंगळवार आणि गुरुवारी सकाळी होते. गुरुवारी दुपारी बारा वाजल्यापासून सोमवारी सकाळपर्यंत माझ्याशी कोणीही एक शब्द बोलले नाही, असे मी सलग तीन आठवडे अनुभवले आहे. रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे दुकानदाराशीसुद्धा बोलणे होत नाही.

शिक्षक-खोलीत मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर अंगातला कोट न काढता बसायची. तुम्ही तिथे शिक्षक नसता आणि विद्यार्थीही नसता. वयाने मुलांच्या जवळच्या, कामाने शिक्षकांच्या, आणि दोन्हीकडे पाहुण्या. त्या खोलीत कॉफीच्या यंत्राशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर सगळ्यांची नावे होती आणि जो कॉफी घेई तो आपल्या नावापुढे रेघ ओढी, महिनाअखेरीस पैसे देई. मी महिनाभर तो कागद लांबून बघत होते. शेवटी स्पॅनिश शिकवणाऱ्या बाईंनी मला विचारले, ‘तू कॉफी घेत नाहीस का?’ मी म्हटले, ‘माझे नाव नाही त्यावर.’ त्यांनी खिशातले पेन काढले आणि सगळ्यांत खाली माझे नाव लिहिले, तेही स्पेलिंग मला विचारून. त्या दिवशी मी कोट काढून बसले.

म्हणून, केतकी, माझा आग्रह असा की पहिल्या आठवड्यातच तो कागद शोध आणि स्वतःहून त्यावर नाव घालायला सांग. दुसरे, गावातल्या एखाद्या संस्थेत नाव नोंदव. १९०१ च्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्था तिथे खेडोपाडी असतात. समूहगान, डोंगरात चालणे, विणकाम, बॅडमिंटन, जे आवडेल ते. वर्गणी थोडी असते आणि दर आठवड्याला एका ठरलेल्या वेळी तुमची कोणीतरी वाट बघत असते.

एका मुलीचा बाप

माझी मुलगी सध्या फ्रान्समध्येच सहायक आहे, म्हणून हा धागा वाचतो आहे. तिचा फोन आला नाही की तिची आई रात्रभर जागी असते. रोज फोन कर असे मुलीला सांगणे योग्य आहे का, की त्याने तिचा जीव आणखी इकडेच अडकतो? मला प्रामाणिक उत्तर हवे आहे.

नीरजा_ब्रेस्त

काका, रोज नको, पण ठरलेल्या दिवशी नक्की. मी बुधवारी आणि रविवारी बोलायची. ज्या दिवशी मी घरी तीनदा फोन केला, त्या दिवशी मी घराबाहेर पडलेली नव्हते, हे मला नंतर लक्षात आले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात आणि आपल्यातला साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो, हेही काकूंना सांगून ठेवा. माझ्या आईने त्या दिवशी एक तास घालमेलीत काढला होता.

एका मुलीचा बाप

मनापासून आभार. हे मी आत्ताच घरात वाचून दाखवले.

मध्यपश्चिमेचा_मंदार

थोडे वेगळे, पण जवळचे. मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करताना अध्यापन-सहायक होतो. विद्यार्थी-व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते आणि मला तेवढे पूर्ण होते : प्रयोगशाळेचे दोन गट, गृहपाठ तपासणे, शंकानिरसन. माझ्या विद्यापीठात परदेशी सहायकांना वर्गावर जाण्याआधी बोलण्याच्या इंग्रजीची परीक्षा द्यावी लागत होती. मी पहिल्या खेपेला नापास झालो आणि एक सत्र फक्त वह्या तपासत बसलो. तेव्हा अपमान वाटला होता. तुमच्या १२ तासांचा मला हेवा वाटतो, पण नीरजाताईंचे वाचून असे जाणवले की कामाचे ओझे हेही एक प्रकारे माणसाला धरून ठेवते. मला एकटे वाटायला वेळच मिळाला नाही.

सह्यकडा

मंदार, फरक कामाच्या स्वरूपातही आहे. फ्रान्समधल्या सहायकाने मुलांना गुण द्यायचे नसतात आणि पूर्ण वर्गाची जबाबदारी एकट्याने घ्यायची नसते. मुख्य शिक्षक अर्धा वर्ग किंवा आठ-दहा मुले तुमच्याकडे पाठवतात आणि तुम्ही त्यांना बोलते करायचे असते. केतकी, तुझ्यावर पस्तीस मुलांचा वर्ग सोपवून कोणी निघून जाऊ लागले तर पहिल्याच वेळी नम्रपणे संदर्भ-शिक्षकांशी, म्हणजे शाळेत सहायकाकडे लक्ष देणाऱ्या शिक्षकांशी, बोल. माझ्या शाळेत मी तीन आठवडे गप्प राहिलो आणि मग तीच प्रथा पडली.

कृष्णाकाठ

मी साताऱ्याजवळच्या एका शाळेतून इंग्रजीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. परदेशी शिकवलेले नाही, पण केतकीने जो प्रश्न शेवटी विचारला आहे, त्यावर सगळ्यांनी मौन पाळले आहे असे दिसते, म्हणून लिहिते.

बाळ, तीस वर्षे मी मराठी मुलांना परकी भाषा शिकवली, आणि मी स्वतः ती पुस्तकातून, रेडिओवरून, चुका करत शिकले होते. जो भाषा शिकून मिळवतो, त्याला ती कुठे अडते हे ठाऊक असते. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला विद्यार्थी एखाद्या शब्दापाशी का थबकतो हे कळायला वेळ लागतो, तुला ते लगेच कळेल, कारण तू तिथेच थबकली होतीस. शिवाय तू फ्रेंचही शिकली आहेस, म्हणजे त्या मुलांची वाट दोन्ही बाजूंनी चालून आली आहेस. उच्चार बदलून उसने इंग्रजी बोलू नकोस. मुलांना उसनेपणा सगळ्यांत आधी ऐकू येतो.

नीरजा_ब्रेस्त

बाईंचे म्हणणे पटते, पण ते सोपे नाही हेही सांगायला हवे. पहिल्या आठवड्यात एका मुलाने मला सरळ विचारले होते, ‘मॅडम, खरे इंग्रजी बोलणारी सहायक यंदा नाही का?’ तो उद्धट नव्हता, त्याला खरोखरच कळत नव्हते. मला उत्तर सुचले नाही आणि मी घरी जाऊन रडले. पुढच्या तासाला मी भारताचा नकाशा फळ्यावर लावला आणि एक प्रसंग मांडला : कोल्हापूरचा माणूस चेन्नईला कामाला गेला, वरिष्ठ कोलकात्याचे, शेजारी केरळचे. हे सगळे एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतील, हे मुलांनी शोधायचे. पंधरा मिनिटांत तोच मुलगा म्हणाला, ‘म्हणजे ही तुमचीही भाषा आहे.’ तेव्हापासून तो विषय संपला.

दोडामार्गचा_दिनू

मी लिमोजला होतो. पोटाचे कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. छोट्या गावात तूरडाळ मिळणार नाही, पण मसूरडाळ प्रत्येक मोठ्या दुकानात केशरी मसूर म्हणून मिळते. बारीक रव्याचा शिरा आणि उपमा उत्तम होतो. पोळ्यांसाठी पिठाच्या पुड्यावरचा आकडा बघा : ५५ म्हणजे आपला मैदा, ११० किंवा १५० म्हणजे कोंड्यासकट दळलेले. मी दोन्ही निम्मे-निम्मे मिसळायचो. तवा सपाट बुडाचा आणि विजेच्या शेगडीवर चालणारा न्यावा. पॅरिसला जाणे झाले तर ला शापेल भागात श्रीलंकेतल्या तमिळ लोकांची दुकाने आहेत, तिथे कढीपत्ता, गूळ, पोहे सगळे मिळते. मी परतीच्या रेल्वेत मांडीवर पाच किलोंची पिशवी घेऊन बसायचो. सत्तावीस वर्षांपर्यंतच्यांना ४९ युरोंत वर्षभराचे रेल्वे सवलत-कार्ड मिळते, ते पहिल्या महिन्यातच घ्यावे.

शाकाहारी असाल तर शाळेच्या खानावळीत आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवण देणे कायद्याने बंधनकारक आहे. बाकीच्या दिवशी मी भाजी, चीज आणि पाव खायचो. पण डबा घेऊन वेगळे बसू नका. जेवणाच्या टेबलावर सव्वा तास जे बोलणे चालते, तिथेच माझे फ्रेंच सुधारले.

शुभदा_रा

एक नाजूक विषय. सरकारी शाळेत काम करणाऱ्या सर्वांना धार्मिक तटस्थता पाळावी लागते आणि विद्यार्थ्यांसाठी २००४ च्या कायद्याने ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी आहे. मी रोज टिकली लावणारी. ती धर्माची खूण की सवयीची, याचे उत्तर मला स्वतःलाच देता येईना. मी पहिल्याच दिवशी संदर्भ-शिक्षिकेला विचारले, तिने मुख्याध्यापकांना विचारले, आणि वर्गात लावू नये असे ठरले. मी शाळेच्या फाटकापाशी टिकली काढून पाकिटाच्या आरशाला चिकटवायची आणि परत येताना लावायची.

दोडामार्गचा_दिनू

शुभदाताई, मला हे पटत नाही. टिकली काही ठळक चिन्ह नव्हे, तुम्ही विचारलेच नसते तर कोणाच्या लक्षातही आले नसते.

शुभदा_रा

कदाचित. पण मुलींना डोक्यावरचा रुमाल त्याच फाटकापाशी काढायला लावला जात होता, आणि त्याच मुली माझ्यासमोर बसणार होत्या. मी वेगळी सवलत घेऊन त्यांच्यापुढे उभी राहू शकले नसते. कायदा योग्य की अयोग्य हा प्रश्न मी तिथे सोडवायला गेले नव्हते, पण त्या मुलींच्या नजरेला नजर देता येणे मला महत्त्वाचे वाटले.

दोडामार्गचा_दिनू

हे माझ्या डोक्यात आले नव्हते. मी आधीचे म्हणणे मागे घेतो.

कृष्णाकाठ

शुभदा, आरशाला चिकटवलेली टिकली वाचून डोळे भरून आले.

केतकी_प

मी ओरियाकहून लिहीत आहे. येऊन पाच आठवडे झाले आणि तोसाँची, म्हणजे सर्व संतांच्या सणाची, दोन आठवड्यांची सुट्टी उद्या संपते. दिवाळी सुट्टीतच आली, त्यामुळे रजा मागावी लागली नाही, पण शाळाही नसल्याने कोणाला फराळ द्यायचा हा प्रश्न पडला. शेवटी घरमालकीण बाईंकडे शिरा घेऊन गेले.

आधी कागदांचे. आईच्या नावाची दुरुस्ती निघायच्या आठ दिवस आधी झाली. खोली एका सत्तरीच्या बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर मिळाली. बँकेने पहिल्या दिवशी परत पाठवले, दुसऱ्या खेपेला बाईंनी हाताने लिहिलेले राहत्या जागेचे पत्र आणि त्यांचे वीजबिल नेले तेव्हा खाते उघडले. ऑक्टोबरचा पगार मात्र आलेला नाही, आगाऊ रक्कम मागितली ती मिळाली.

कॉफीचा कागद इथे नाही, डबा आहे, त्यात नाणे टाकायचे असते. तरीही मी पहिल्याच आठवड्यात विचारले आणि त्यामुळे इतिहासाच्या सरांशी ओळख झाली. ते मला ‘तू’ म्हणा म्हणतात. मराठीत ज्या वयाच्या माणसाला मी कधीही अरे-तुरे करणार नाही, त्यांना फ्रेंचमध्ये एकेरीत हाक मारताना अजून जीभ अडखळते. मंगळवारी संध्याकाळी समूहगानाला जाते. तिथल्या सगळ्या बायका माझ्या आईपेक्षा मोठ्या आहेत, आणि मागच्या मंगळवारी मला खोकला होता तर एकीने घरचा मध आणून दिला.

आता माझ्या शेवटच्या प्रश्नाचे. पहिल्या तीन तासांत मुले काहीच बोलली नाहीत. मी विचारायची, ती वहीत बघायची. कृष्णाकाठ बाई, तुमचे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून आणले होते, पण वर्गात त्याचा उपयोग कसा करावा हे सुचत नव्हते. हे गाव छत्र्या बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे, हे मला इथे आल्यावर कळले. चौथ्या तासाला पाऊस होता. मी दारात ठेवलेली माझी पुण्याची काळी छत्री टेबलावर ठेवली आणि सांगितले की आमच्याकडे ही जूनमध्ये बाहेर निघते आणि सप्टेंबरच्या शेवटी आत जाते. मग त्यांना विचारले, तुमची कधी निघते? शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने, जिने तोवर तोंड उघडले नव्हते, हात वर केला आणि माझी छत्री उघडून बघू का असे विचारले. तिची आजी छत्रीच्या कारखान्यात कापड शिवायची. काडी, दांडा, शिवण यांचे इंग्रजी शब्द तिला येत नव्हते आणि शिवणीच्या प्रकाराचा शब्द तर मलाही आला नाही, तेव्हा आम्ही दोघींनी मिळून तो शब्दकोशात शोधला. ती चार मिनिटे बोलली. माझ्या छत्रीची एक काडी वाकली आहे आणि ती आजी नीट करून देईल, असे तिने शेवटी इंग्रजीतच सांगितले. छत्री तिच्याकडे आहे, गुरुवारी परत मिळेल.

दिनूदादा, इथे ११० आकड्याचे पीठ सापडत नाही, ८० मिळते. त्यात १५० किती मिसळावे?

दोडामार्गचा_दिनू

तीन वाट्या ८० आणि एक वाटी १५०. कोमट पाण्यात भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. आणि गुरुवारी काय झाले ते लिहा.